वीत कोणाची

चांदा, १२ मे १९५४

चि. सौ. गिरजा हिस,

न्याय नावाची वस्तू या जगातून उठून गेली आहे, हे मला काल दुपारी साडेतीन वाजता कळलं.

लटारू ड्रायव्हरने सागाचा ट्रक डेपोत लावला आणि तुझं गाठोडं माझ्या ओसरीवर आणून टाकलं. मी हात धुतले, चटई अंथरली, तुझे बारा लोकरी चौकोन माझ्या बारा चौकोनांशेजारी मांडले. तुझे दीड बोट मोठे आहेत. एखादा नाही, बाराच्या बारा. रस्त्याने जाणाऱ्याला दीड बोट म्हणजे काहीच वाटणार नाही. पण सहा चौकोनांची एक ओळ धरली तर नऊ बोटं होतात, आणि नऊ बोटांवरून आपल्या जिल्ह्यात बांधावर डोकी फुटलेली आहेत.

ठरलं काय होतं? मार्कंड्याच्या जत्रेत नदीच्या वाळूत बसून मी तुला क्रोशाची सुई धरायला शिकवली. मधे साखळीची कडी, कडीत तीन-तीन खांबांचे झुबके, कोपऱ्यात दोन साखळ्या, आणि फेरीवर फेरी. पुढे चैत्रात तुझी बातमी आली तेव्हा मी लिहिलं की छत्तीस चौकोनांचं पांघरूण करू, अठरा तुझे, अठरा माझे, प्रत्येक चौकोन एक वीत. मार्गशीर्षात तुझं बाळ येईल तेव्हा ते जोडून तयार पाहिजे. पहिलं पोर तुझं पौषाच्या थंडीत अकराव्या दिवशी गेलं. दुसरं जगात यायच्या आधीच. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण बाकीचे सगळे ते बोलायचं टाळतात आणि गोधडीवर गोधडी टाकून मोकळे होतात. गोधडी तान्ह्याच्या छातीवर बसते. लोकर हलकी असते, आणि भोकाभोकांची असली तरी ऊब धरून ठेवते.

तेव्हा एकशे सोळा डिग्री उन्हात, जिथे कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो, तिथे मी मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसते. शेजारची पोस्टमास्तरीण जाता-येता विचारते, बरं नाही का वाटत? बरं वाटतं म्हणूनच बसते, हे तिला कोण सांगणार? एका चौकोनाला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात कोणी कितीही हाका मारल्या तरी मी खांब मोजत असते. चौकोन संपला की हात शिवशिवतात, आणि पुढच्याचा रंग मनात आधीच ठरलेला असतो. लोकर विकत आणलेली नाही. यांचे दोन स्वेटर आणि माझी एक बंडी उसवली. यांनी आपला पिवळा मफलर ट्रंकेत घालून कुलूप लावलं आहे. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःहून लावलेलं हे पहिलं कुलूप.

तुझे बारा चौकोन परत पाठवते आहे. वीत म्हणजे वीत.

तुझ्या सासूला, जी माझी जन्मदाती लागते, माझा नमस्कार सांगू नकोस. आशीर्वाद आहे तो एकट्या तुला.

इंदुताई


धानोरा, २७ मे १९५४

इंदुताईले गिरजाचा वाकून नमस्कार. वाकता येते अजून, म्हणून वाकून.

ताई, तुमी लिहलं एक वीत, मी घातली एक वीत. आंगठ्यापासून करंगळीपर्यंत, अशी ताणून, सुईनच्या समोर. मंगली सुईन साक्षीले हाय. आता माया हात आमच्या बापाच्या वाणाचा हाय, त्याच्या एका पंजात कोंबडी बसे. तुमचा हात मी जत्रेत पाह्यला. बाहुलीचा हात हाय तुमचा. बाहुलीनं वीत ठरवली अन् दोष मले देऊन राह्यल्या, हे कोण्या कोर्टात चालते? भावजींले विचारा, ते कोर्टातच कारकून हायत.

पण ताई, एक सांगते, रागावू नोका. मले हे काम लय आवडून राह्यलं. मोहाची फुलं वेचून झाली, तेंदूचा पत्ता संपला, दुपारी घर निजलं का मी सुई काढतो. पह्यले वाटे हे शहरातल्या बायांचं खटलं. आता पोटावर चौकोन ठेवून विणतो तं आतून पाय लागते. जसं काई आतलं माणूस म्हणते, दाखव मले, कोणता रंग घेतला.

तुमचे नमुन्याचे दोन चौकोन इथीच राह्यले होते. ते सासूबाईनं पाह्यले. मी दिले नाई, खाटेवर होते. त्याहीनं एक उचलला, उलटा केला, उजेडात धरला, नखानं एक खांब उकलून पाह्यला. मंग ठेवला अन् सूप घेऊन तांदूळ पाखडाले बसल्या. निवडलेलेच तांदूळ होते. तुमचं नाव निघालं का त्या असंच करतेत. सात वर्सांत या घरातले तांदूळ लय निवडून झाले.

भांडण कायचं होतं ताई? माया लग्नाच्या मांडवातलं, पण मी तवा बाशिंगाच्या आड होतो, अर्धंच ऐकू आलं. मास्तरले, म्हंजे तुमच्या भावाले, विचारलं का ते पाढे म्हणाले लागतेत. घरात लोकरीचं नाव काढाची सोय नोती, एवढंच मले माहीत.

तुमची,
गिरजा


चांदा, ८ जून १९५४

चि. गिरजा,

बाहुलीचा हात. ठीक आहे. या बाहुलीच्या हाताने घरची बावीस वर्षांची धुणी धुतली आहेत.

सोबत सुतळीचा तुकडा पाठवते आहे. दोन्ही टोकांना गाठ आहे. गाठीपासून गाठीपर्यंत माझी वीत. यापुढे या घराण्यात हीच वीत चालेल. तुझे बारा चौकोन उसव आणि या सुतळीवर पुन्हा घाल. उसवायचं दुःख करू नकोस. लोकर उसवली तरी वाया जात नाही, एवढा एकच गुण मी माणसांत पाहिलेला नाही.

आता भांडण. विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मी त्याचा विचारही करत नाही. महिन्यातून फार तर तीस वेळा.

तुझ्या सासूकडे एक हाडाची क्रोशाची सुई होती. मिशनच्या दवाखान्यातल्या मेमबाईने दिलेली. मेमबाईने तिला क्रोशा शिकवला, हिने मेमबाईला चूल पेटवायला शिकवलं. हस्तिदंतासारखी पांढरी, बोटात धरली की थंड लागायची आणि दोन ओळी विणल्या की ऊबदार. तुझ्या लग्नाआधीच्या दिवाळीत मी माहेरी राहून चांद्याला परतले, आणि त्यानंतर ती सुई घरात सापडेना. इथवर सगळे सहमत आहेत.

मग तुझं लग्न. दोनशे पानं उठत होती. मी जिलबी वाढत होते. तुझ्या चामोर्शीच्या सगळ्या माणसांसमोर, माझ्या नणदेसमोर, माझ्या सासरच्या सहा बायकांसमोर, ती म्हणाली: "इंदे, माही हाडाची सुई नेली थे कधी आणतं?" पंगत थांबली. एका म्हाताऱ्याचा घास तोंडाशी तसाच राहिला. मी जिलबीचं ताट खाली ठेवलं आणि त्याच पावली निघाले. तेव्हापासून मी धानोऱ्याची शीव ओलांडलेली नाही.

प्रश्न सुईचा नाही. मुलीला विचारायचं तर न्हाणीच्या आडोशाला विचारावं, चुलीपाशी विचारावं. मांडवात विचारलं म्हणजे ते विचारणं नसतं, तो पुकारा असतो. तिने माफी मागावी. मी वाट पाहते आहे. माझ्याजवळ चार पोलादी सुया आहेत, मला कोणाच्या हाडांची गरज नाही.

आणि एक ताकीद. या पांघरुणाला तिचा हात लागता कामा नये. एक खांबसुद्धा नाही. ते आपल्या दोघींचं आहे.

पाऊस लागायच्या आत पत्र धाड. एकदा वैनगंगा भरली की लटारूचा ट्रकही बसला आणि आपणही बसलो.

इंदुताई


धानोरा, २ जुलै १९५४

इंदुताई,

सुतळी भेटली. मास्तरनं मोजपट्टी लावून पाह्यली अन् म्हणाले, ताईची वीत सात इंच भरते, अन् राग सात वर्साचा, बरोबर हिशोब हाय. मी त्यायले सांगतलं का हे मी पत्रात लिहीन. म्हणाले लिही. पण मंग तोंड उतरलं.

बारा चौकोन उसवले. गोळे करून ठेवले. इथी झड लागली, धानाचे रोवणे सुरू झाले. मले या साली बांधीच्या चिखलात उतरू देत नाईत, घरात बसून सगळ्याईच्या भाकरी थापतो. दोन दिवसांपासून बांगड्या मनगटात अशा रुतल्या का सरकत नाईत. मंगली म्हणते पावसाचं पाणी धरते आंगात, होते असं.

तुमची ताकीद वाचली. सासूबाईले वाचून दाखवली नाई. पण घर एका खोलीचं अन् मास्तरले मोठ्यानं वाचाची खोड. त्या तांदूळ निवडाले बसल्या.

लटारूभाऊचा हा शेवटचा फेरा, म्हणून घाईत.

गिरजा


चांदा, २१ ऑगस्ट १९५४

चि. गिरजा,

सात आठवडे. दोन कार्डं मी टपालाने टाकली, त्यांचं उत्तर नाही. पोस्टात जाऊन विचारलं तर खिडकीतला माणूस म्हणतो, "बाई, नदीले पूर हाय, डोंगा चालत नाई." नदीला पूर आहे हे मला ठाऊक आहे. दर वर्षी येतो, आणि दर वर्षी तो खिडकीतला माणूस अशा चेहऱ्याने सांगतो की जणू आजच शोध लागला. मी त्याला म्हटलं, पूर आडवा आला तर पत्र थांबेल, काळजी थांबते का? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी, म्हणे. दहा वाजता.

माझे अठराही चौकोन झाले. शेवटचा परवा संपला आणि हात रिकामे झाले. रिकाम्या हातांनी मला नको ते आठवतं.

बांगड्यांचं काय झालं? काचेच्या असतील तर फोडून टाक, शकुन-अपशकुन बघू नकोस. मंगलीला म्हणावं, मीठ बंद कर. इथली नर्सबाई मीठ बंद करायला सांगते.

चौकोन नाही झाले तरी चालेल. पत्र टाक.

इंदुताई


धानोरा, ६ सप्टेंबर १९५४

सौ. इंदुताईस नमस्कार. गिरजाच्या सांगण्यावरून मी, तुझा भाऊ शालिक, लिहीत आहे, कारण तिच्या हाताला काम आहे. काळजी करण्यासारखे काही नाही. तुझी दोन्ही कार्डे आणि पत्र काल एकदम मिळाले, ओले. मीठ मंगलीने आधीच बंद केले होते.

सोबत दहा चौकोन. आठ बाकी. लटारूने ट्रक पलीकडे ठेवला आहे, गाठोडे डोंग्यातून नेतो म्हणाला.

(ताई, मी स्वतः काही लिहू का असे विचारले तर नाही म्हणाली. म्हणून काही लिहीत नाही. शालिक.)


चांदा, १९ सप्टेंबर १९५४

चि. गिरजा,

आज मी तुझ्यावर जवळजवळ प्रसन्न आहे. ही संधी फार लोकांना मिळालेली नाही, जपून ठेव.

दहा चौकोन माझ्या चौकोनांवर ठेवले. टोकाला टोक, धाग्याला धागा. पोस्टमास्तरणीला बोलावलं, म्हटलं सांगा यातला चांद्याचा कोणता आणि धानोऱ्याचा कोणता. तिने चष्मा लावला, काढला, आणि चुकली. एका सुतळीने माणसाला वळण लागतं, हे सरकारला कळलं असतं तर शाळांऐवजी सुतळ्या वाटल्या असत्या.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. मी तुला कोपऱ्यात दोन साखळ्या शिकवल्या होत्या. तू तीन घातल्या आहेस. मी रागवायला बसले होते, पण चौकोन पाटावर ठेवला तर कोपरा वर न उचलता पापडासारखा सपाट पडला. दोन साखळ्यांचा कोपरा नेहमी किंचित कान टवकारतो. तुला हे कोणी सुचवलं? आपलं आपण सुचलं असेल तर तुझ्या हातात कला आहे. मी हे फक्त एकीला करताना पाहिलं आहे, आणि तिचं नाव या पत्रात घ्यायचं नाही.

मी जोडायला घेतले आहेत. मुके खांब घालून, मागच्या बाजूने. माझा एक, तुझा एक, असे आलटून पालटून. उरलेले आठ लवकर धाड.

हाताचं काम सरलं असेल तर स्वतः लिही. शालिकचं पत्र म्हणजे तहसीलदाराची नोटीस वाटते.

इंदुताई


धानोरा, १२ ऑक्टोबर १९५४

इंदुताई,

हे माया हातानं लिहून राह्यलो. तीन दिवस लागले, म्हणून आखर वाकडे.

आषाढात हात सुजले. बोटं केळाच्या फणीसारखे झाले. सुई धरली का पडे. पाय तसेच. मंगलीनं खाटेवर टाकलं अन् सांगतलं, उठली तं तुही गोष्ट तू जाण, मी सुईन हाय, भगवान नाई. मी पडल्या पडल्या छताकडे पाहत राह्यलो. लोकरीचे गोळे कोनाड्यात होते. मी एक दिवस रडलो, म्हटलं या वक्तीबी बाळ उघड्यावर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईनं मास्तरची जुनी छत्री मोडली. तिची काडी काढली, दगडावर घासली, टोकाले आकडा केला. अन् बसल्या. सात वर्सांनी.

ताई, ते दहाबी चौकोन त्याहीचे हायत. माया त्याच्यात एक टाका नाई.

त्याहीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला. ते तुमाले कोणं सांगतलं नसन. गडद रंग दिसत नाई, तं खांब बोटानं मोजतेत. छत्रीची काडी बोटात घुसते. लाल लोकरीतला एक चौकोन तुमच्याजवळ हाय, त्याच्यात त्याहीचं रगत हाय, लालात दिसलं नाई एवढंच. मले शपथ घातली, म्हणे इंदीले सांगशील तं समदं उसवून टाकीन. मी शपथ मोडून राह्यलो. मोडाले मी तयार हाय, कारण तुमी लिहलं तुह्या हातात कला हाय. ते मायानं गिळलं गेलं नाई.

तुमची सुतळी खुंटीवर टांगूनच हाय. त्याहीनं ते पाह्यलीबी नाई. आपल्या वितीनं घातले. तुमच्या चौकोनावर धाग्याले धागा बसला म्हणता, तं तुमची वीत अन् त्याहीची वीत एकच हाय, याच्यात सुतळीचं काई नाई.

अन् ते सुईचं. ते मी विचारलं. त्या हसल्या. म्हणे, इंदी अडीच वर्साची असताना ते सुई तिनं चावली होती, आकड्यापाशी दाताची खाच पडली. त्या सुईनं विणलं का दर थोड्या खांबांनी लोकरीचा एक पदर फाटून वर येते. तुमचे दोन नमुन्याचे चौकोन पाह्यले तवाच त्याहीले कळलं का सुई कुठी हाय. मी म्हटलं, मंग बोलल्या काऊन नाई? म्हणे, "मांडवात बोललो थेच लय झालं. तोंडातून निघालं तवाच वाटलं गिळावं, पण जिलबी नोती थे. सुई तं तिचीच व्हय, दात तिचाच हाय तिच्यावर. नुसतं इचारून न्यावं."

आठ राह्यले. काळी-निळी लोकर त्याहीले दिसत नाई. पिवळी नाई तं पांढरी असन तं धाडा.

माही सूज आता थोडी उतरली.

गिरजा


चांदा, ३१ ऑक्टोबर १९५४

सौ. गिरजा,

मी रागावले आहे. कोणावर, हे ठरवायला एकोणीस दिवस लागले, आणि यादी अजून पुरी झालेली नाही.

तुझ्यावर, की खाटेवर पडलीस आणि मला कळवलं नाहीस. शालिकवर, की त्याच्या आईच्या डोळ्यात पडदा उतरतो आणि हा मास्तर मला पावसाच्या गोष्टी लिहितो. मंगलीवर नाही, ती एकटीच शहाणी निघाली. छत्रीवर. पोस्टमास्तरणीवर, कारण त्या दिवशी तिच्यापुढे मी माझ्या सुतळीचं व्याख्यान दिलं आणि आता ते परत घेता येत नाही.

आणि तिच्यावर. सर्वांत जास्त तिच्यावर. तिला मे महिन्यापासून सगळं माहीत होतं, आणि ती गप्प बसून तांदूळ निवडत होती. सात वर्षं मी ज्या आरोपावर तणतणले, त्याचा पुरावा खाटेवर पडलेला, आणि ही बाई तो उजेडात धरून परत ठेवून देते. असं कोणी करतं का? भांडणाऱ्याला निदान समोरून उत्तर तरी मिळावं. क्षमा करायची तर आधी सांगून करावी, नाहीतर समोरचा माणूस उगीच लढत राहतो.

सुईबद्दल मी काही लिहिणार नाही.

मी ठरवलं होतं की तिचे दहा काढून टाकायचे. कात्री घेऊन बसले. पण पोस्टमास्तरणीसारखी मीही चुकले. आलटून पालटून जोडलेले, पाठीमागून, कोपऱ्यांच्या साखळ्या जोडात दडलेल्या, आणि आता माझे कोणते नि तिचे कोणते हे मलाच ओळखता येत नव्हतं. शेवटी लाल चौकोन सापडला. तो उन्हात धरला. कात्री ठेवून दिली.

तेव्हा अठ्ठावीस चौकोनांचं जोडलेलं पांघरूण लटारूबरोबर पाठवते आहे. एका कोपऱ्यात आठांची जागा रिकामी आहे. माझ्याजवळ लोकर संपली आहे. पिवळी फक्त यांच्या मफलरात आहे आणि मफलर कुलपात. तिला मी विनवणार नाही. तिला करायचं असेल तर ती करील. मी कोणाकडे काही मागणार नाही.

तू मात्र उठू नकोस.

इंदुताई


धानोरा, १५ डिसेंबर १९५४

इंदुताई,

पोरगी झाली. शनिवारी पहाटे. बारीक हाय पण आवाज मोठा, मास्तर म्हणतेत तुमच्या वळणावर गेली. आज पाचवा दिवस. मी बरी हाय. मंगली रोज येते अन् पोरीच्या पायाले हात लावून पाहते.

थंडी लय पडली. रात्री पाण्याच्या घागरीले हात लावला तं चटका बसते. मी दिवस मोजून राह्यलो. पह्यला पोरगा अकराव्या दिवशी गेला, हे तुमीच लिहलं होतं. बाकी कोणी लिहत नाई, पण मोजतेत समदे.

पांघरूण तिच्यावर हाय. लय हलकं हाय ताई, खाली छातीचं वर-खाली होणं दिसते, मी ते पाहतच बसतो. रंग पाहून ती गप होते. पण एका कोपऱ्याले भोक हाय, आठ चौकोनाचं. दुमडावं तं आखूड पडते, पसरावं तं तिथून वारा येते. कसंबी टाकलं तं ते तिच्या पायाशीच येते.

मी सासूबाईले म्हटलं, पांढऱ्या सुताचे तरी घाला. म्हणे, "इंदीचं काम हाय. इंदी म्हणन तं करीन. तिनं लिहलं ना, हात लावू नोको." मी म्हटलं, दहा घातले तवा नाई आठवलं? म्हणे, "तवा तिले माहीत नोतं. आता माहीत हाय."

मी बाळंतीण हाय, मले लाज नाई. म्हणून सांगतो. तुमच्या दोघीच्या रागाचं भोक माया पोरीच्या पायाशी हाय. ते बुजवा.

लटारूभाऊ उभा हाय, त्याच्याच हाती देतो. तो म्हणते शनिवारी परत येतो.

गिरजा


चांदा, १७ डिसेंबर १९५४, शुक्रवार

शालिक, हे पत्र आईला वाचून दाखव. वाचताना हसू नकोस, आणि मधे काही गाळू नकोस.

माय,

गिरजाला मुलगी झाली त्याचा आनंद आहे. माझा आवाज तिने घेतला असं म्हणतात. घेतला तर घेतला, विचारून कोण घेतं?

आठ चौकोन राहिले आहेत. ते तू घाल. मी सांगते आहे म्हणून घाल. कोपऱ्यात तुझ्या तीन साखळ्याच असू दे, माझ्या दोनांचे कान उभे राहतात. तुझ्या वितीने मोज. सुतळी चुलीत टाक.

लटारू उद्या पहाटे निघतो, संध्याकाळी पोचेल. चार रविवारी घातलेस आणि चार सोमवारी, तर दहाव्या दिवशी कोपरा भरतो. मी बोटांवर मोजून पाहिलं आहे. जोडायला गिरजा आहे, तिच्या बोटांची सूज उतरली आहे.

लोकर पिवळी आहे, तुला दिसेल. यांच्या मफलरची आहे. कुलूप फोडावं लागलं नाही. गिरजाचं पत्र मी मोठ्याने वाचत होते, ते ऐकून हे उठले, किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली आणि फिरायला गेले. गळा उघडा टाकून.

डोळ्याचं मी इथल्या डॉक्टरशी बोलले आहे. संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया करतो म्हणाला. लटारूच्या ट्रकमध्ये पुढे बसून यायचं, आणि येते की नाही हे मी विचारत नाही. बारशाला मी येते आहे. पंगतीत वाढायला मला उभं करू नका.

गोळा मधूनच तोडू नकोस. पहिला चौकोन त्या छत्रीच्या काडीनेच सुरू करावा लागेल, त्याला इलाज नाही. गोळा जरा लांबट झाला आहे आणि हाताला टणक लागेल. मी तो एका वस्तूवर गुंडाळला आहे. आठ चौकोनांची लोकर संपेल तेव्हा ती तुझ्या हातात येईल. तिच्यावरची खाच बोटाने बघ.

विचारून न्यायला हवी होती.

इंदी